स्विच-राउटरचे अपडेट ऑटोमॅटिक करताना आलेला माझा अनुभव

आमच्याकडे बऱ्याच ब्रँच, प्रत्येक ठिकाणी एक राउटर, काही स्विच, वर ॲक्सेस पॉइंट, आणि सगळ्यांचे अपडेट हाताने चालायचे, म्हणजे रात्री लॉगिन करा, इमेज (म्हणजे फर्मवेअरची फाइल) चढवा, रीबूट मारा आणि पिंग (डिव्हाइस जागं आहे का याची हाक) परत येईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसा. हे ऑटोमॅटिक करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना वाटलं एक स्क्रिप्ट लिहिली की झालं. स्क्रिप्ट खरंच लवकर झाली हो, बाकीचंच लांबलं.

पहिला प्रश्न, आत्ता कुठल्या डिव्हाइसवर काय आहे? एक्सेल शीट होती, पण तिच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. म्हणून आधी ऑक्सिडाइज्ड नावाचं टूल बसवलं, ते ठरावीक वेळाने प्रत्येक डिव्हाइसमध्ये लॉगिन करून कॉन्फिग (त्याची सगळी सेटिंग्ज) ओढून आणतं आणि फाइलच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये टाकतं, म्हणजे काल आणि आज यात काय बदललं ते सरळ दिसतं. तिथेच खरी मजा कळली. एकाच मॉडेलचे दोन स्विच, एकाच कामाचे, आणि कॉन्फिग वेगळे. कुठे कोणीतरी घाईत व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) घातलेला, कुठे घड्याळ जुळवणारा जुना एनटीपी सर्व्हर तसाच, काही ठिकाणी तर रनिंग कॉन्फिग (आत्ता चालू असलेलं) एक आणि स्टार्टअप कॉन्फिग (बूट होताना वाचलं जाणारं) दुसरंच, म्हणजे बदल केलेत पण सेव्ह केलेच नाहीत, रीबूट झाला की गेले. अशा डिव्हाइसला आपण अपडेट करून रीबूट मारला असता तर सगळे म्हणाले असते नवीन व्हर्जन खराब आहे!! त्यामुळे फर्मवेअरला हात लावायच्या आधी कॉन्फिग एकसारखं करणं हेच मोठं काम निघालं. ते अॅन्सिबल (बऱ्याच डिव्हाइसवर एकच काम आपोआप चालवणारं टूल) आणि टेम्प्लेटवर केलं, प्रत्येक वेळी आधी चेक मोडमध्ये, म्हणजे काही न बदलता, चालवून फक्त फरक वाचायचा, पटला तरच खरा रन.

मग इमेज कॉपी करणं. सवयीने टीएफटीपी (फाइल पाठवायची एक जुनी साधी पद्धत) वापरत होतो, लॅबमध्ये पळतं मस्त, पण लांबच्या लिंकवर रडतं. कारण साधं आहे, मूळ टीएफटीपी एका वेळी ५१२ बाइटचा एक ब्लॉक पाठवतं आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. लिंकचा जाऊन-येऊन वेळ ५० मिलिसेकंद धरा, म्हणजे सेकंदाला २० ब्लॉक, म्हणजे साधारण १० केबी, मग बँडविड्थ कितीही असू दे. १०० एमबीच्या इमेजला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. त्यात ब्लॉक नंबर १६ बिटचा, म्हणून ३२ एमबीच्या वर काही ठिकाणी ट्रान्सफर अडकतोच. ब्लॉकचा साइज वाढवायची सोय आहे पण दोन्ही बाजूंनी ती पाळायला हवी. आम्ही सरळ एचटीटीपीवर गेलो आणि कॉपी आणि रीबूट ही दोन कामं वेगळी केली, इमेज दिवसा आरामात चढते, फ्लॅशमध्ये जागा आहे का ते आधी बघायचं, चढल्यावर चेकसम (फाइल बिघडली नाही ना ते सांगणारा आकडा) जुळवायचा, आणि रात्रीच्या विंडोत, म्हणजे कामासाठी ठरवलेल्या वेळेत, फक्त रीबूट. एवढ्या एका बदलाने विंडो कितीतरी छोटी झाली.

क्रम पण महत्त्वाचा आहे बरं का. लांबचं डिव्हाइस आधी, जवळचं नंतर. मधला राउटर आधी रीबूट केला तर त्याच्या पलीकडच्यांना स्क्रिप्ट पोचणारच नाही, बसलोय ती फांदीच तोडायची झाली. आणि बॅच छोट्या, पहिल्या बॅचमध्ये एकच बिनमहत्त्वाचा स्विच, तो नीट आला तरच पुढचे. नीट आला म्हणजे पिंग आलं एवढंच नाही, अपडेटच्या आधी किती पोर्ट अप होते, ओएसपीएफचे शेजारी (रस्त्यांची माहिती देणारे-घेणारे जोडलेले राउटर) कोण होते, ते लिहून ठेवायचं आणि नंतर जुळवायचं. पीओई स्विचला (जो नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देतो) इथे थोडी सबुरी लागते, कारण स्विच परत आला तरी त्याच्यावर जगणारे फोन, कॅमेरे, ॲक्सेस पॉइंट तेव्हा कुठे बूट व्हायला लागतात, लगेच मोजलं तर आकडा कमीच येणार आणि बॅच उगाच थांबणार.

सगळ्यात जास्त झोप ज्याने दिली ते म्हणजे परत फिरायची सोय. ज्युनिपरवर कमिट कन्फर्म्ड आहे, बदल लागू होतो पण १० मिनिटांत तुम्ही पक्कं केलं नाही तर आपोआप जुनं कॉन्फिग परत येतं. सिस्कोच्या आयओएसवर जुनी युक्ती, बदलाच्या आधी रीलोड इन १० द्यायचं, सगळं ठीक तर रद्द करायचं, कनेक्शन तुटलं तर बॉक्स स्वतःच रीबूट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो. अर्थात मध्ये सेव्ह करायचं नाही, नाहीतर उपयोग शून्य.

नवीन डिव्हाइससाठी झेडटीपी (झीरो टच प्रोव्हिजनिंग, म्हणजे हात न लावता आपोआप सेटअप) चालू केलं. कोरा बॉक्स आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडे आयपी मागतो, उत्तरातल्या ऑप्शन ६७ मध्ये त्याला फाइलचं नाव मिळतं, तो ती ओढून घेतो. भारी वाटतं बघायला. पण साध्या पद्धतीत बॉक्स समोरच्या सर्व्हरची ओळख काही तपासत नाही, आणि तुमच्या नेटवर्कमध्ये घुसलेला कोणीही तीच फाइल मागू शकतो. म्हणून त्या फाइलमध्ये आम्ही जेमतेम मॅनेजमेंट आयपी आणि एसएसएच (लांबून सुरक्षित लॉगिन) एवढ्यापुरतं ठेवतो, बाकीचं कॉन्फिग नंतर एसएसएचवरून जातं. सुरक्षित झेडटीपीचं स्टँडर्ड २०१९ मध्ये आलंय, आरएफसी ८५७२, पण आमच्या जुन्या मॉडेलना ते जमत नाही. अजून एक, कोऱ्या बॉक्सचं घड्याळ चुकीचं असतं, त्यामुळे सर्टिफिकेट तपासताना ते अजून सुरूच झालं नाही असं म्हणून एचटीटीपीएस नाकारतो, आधी एनटीपी मिळू द्या.

सध्या ॲक्सेस पॉइंट पूर्ण आपोआप अपडेट होतात, स्विचच्या बॅचला कोणीतरी होकार द्यावा लागतो, आणि कोअरचे, म्हणजे सगळ्यांच्या मध्यावरचे, दोन राउटर अजूनही कन्सोल केबल थेट लावून, एकेक करूनच. तिथे स्क्रिप्ट फक्त आधीचं-नंतरचं जुळवून दाखवते, एंटर आम्हीच मारतो.