काल आलेल्यांचा संघ

ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने 19 जानेवारी 2026 रोजी मायामी विद्यापीठाला 27-21 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर आमच्या कोलंबसमध्ये (कमिन्समुळे अर्ध्या कोथरूडला तोंडपाठ असलेल्या इंडियानातल्या, ओहायोतल्या नव्हे) बरेच दिवस दुसरा विषयच नव्हता. हे राज्य बास्केटबॉलचे. फुटबॉलमध्ये ब्लूमिंग्टनच्या या संघाच्या नावावर वर्षानुवर्षे पराभवच जमा होत आले होते. 2023 मध्ये बारापैकी नऊ सामने हरलेला संघ दोनच वर्षांनी सोळापैकी सोळा जिंकतो, याचे अप्रूप इथल्या जुन्या माणसांना अधिक वाटणे स्वाभाविक होते. त्यांच्यापैकीच एक असलेले माझे ज्येष्ठ सहकारी मात्र जेवणाच्या सुटीत म्हणाले, जिंकले हे उत्तमच झाले, पण ही मुले आपली आहेत तरी कुठे? काल आली, उद्या जातील.

नागपूरहून पुण्याला आणि पुण्याहून इथे आलेल्या माणसाला हे वाक्य त्रयस्थपणे ऐकता येत नाही. त्यातून त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. विजयाचा शिल्पकार, चाल चालवून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाच्या बर्कलीहून बदली घेऊन आलेला होता आणि ब्लूमिंग्टनमध्ये त्याचा हा पहिलाच हंगाम होता. समोरचा कार्सन बेक जॉर्जियाहून मायामीला गेलेला. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातले ओहायो स्टेट आणि नोत्र दाम यांचे दोन्ही क्वार्टरबॅकही दुसऱ्या विद्यापीठांतूनच आलेले होते. मेंडोझा उपांत्य सामना खेळायचा होता तेव्हाच पुढच्या हंगामासाठी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा जॉश हूवर इंडियानात येणार हे ठरूनही गेले होते, कारण बदली नोंदवण्याची त्या हंगामाची खिडकी 2 ते 16 जानेवारी 2026, म्हणजे नेमकी बाद फेरी रंगात आलेली असताना, उघडी होती. या वेळापत्रकाचे समर्थन मलाही करता येणार नाही.

परंतु पूर्वीचा नियम काय होता, हे कळल्यावर माझी सहानुभूती कायमची मुलांच्या बाजूला गेली. विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला साधारणतः एक पूर्ण वर्ष सामने न खेळता बसून काढावे लागे. बदलीची इच्छा नोंदवण्याचे ‘ट्रान्सफर पोर्टल’ ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाले, 2021 मध्ये एका बदलीपुरती ही सक्ती उठली आणि न्यायालयाच्या दणक्यानंतर एप्रिल 2024 मध्ये, अभ्यासात पात्र असलेल्या मुलाला कितीही वेळा बदली घेऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली. त्याच काळात, जुलै 2021 पासून, आपल्या नावाच्या जाहिरातींतून पैसे मिळवण्याची परवानगी आली आणि जुलै 2025 पासून तर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती.

आता कोचचे पाहा. त्याला कधीही, कुणीही बसवून ठेवले नाही. अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर बसून, ‘मी याला मुलासारखा सांभाळीन’ असा शब्द द्यायचा आणि वर्षभरात दुप्पट पगारावर दुसरीकडे निघून जायचे, यात या देशाला फार काही वावगे दिसत नसे. वावगे दिसे ते त्या मुलाने जाणे. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस कोच लेन किफिन यांनी तर अकरा सामने जिंकून बाद फेरीच्या उंबरठ्यावर उभा असलेला मिसिसिपीचा संघ सोडून लुइझियाना स्टेटची नोकरी पत्करली, आणि मागे राहिलेल्या मुलांनी नव्या कोचच्या हाताखाली उपांत्य फेरी गाठून दाखवली. निष्ठेची अपेक्षा नेहमी ज्याच्या हातात सर्वांत कमी असते त्याच्याकडूनच का केली जाते, हे मला इथेही कळलेले नाही आणि तिकडेही कळले नव्हते. नोकरी बदलताना तिकडच्या एका साहेबांनी माझा अनुभव-दाखला महिनोन्‌महिने अडवून ठेवला होता. ते स्वतः मात्र त्याच वर्षी प्रतिस्पर्धी कंपनीत गेले.

राहता राहिला नेतृत्वाचा प्रश्न, आणि माझ्या सहकाऱ्यांच्या बोलण्यातला खरा मुद्दा तोच होता. चार वर्षे एकाच ड्रेसिंग रूममध्ये घाम गाळलेला मुलगा कर्णधार होतो, कारण धाकट्यांनी त्याला राखीव बाकावर बसलेलेही पाहिलेले असते. काल आलेल्याच्या पाठीमागे असे काय असते? इंडियानाचे कोच कर्ट सिग्नेटी यांनी यावर काढलेला मार्ग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. नोव्हेंबर 2023 मध्ये जेम्स मॅडिसन विद्यापीठातून येताना त्यांनी तिथले डझनाहून अधिक खेळाडू बरोबर आणले. बचावफळीतला लाइनबॅकर एडन फिशर हा त्यांच्यातलाच. या मुलांना सराव कसा चालतो, बैठकीला किती मिनिटे आधी यायचे, कोच कशावर संतापतात, हे सगळे आधीच माहीत होते, त्यामुळे नव्या रीतीची शिकवणी कोचच्या तोंडून न होता सोबत्यांकडून झाली. त्यांच्या बरोबरीला होते जुन्या, हरणाऱ्या संघातून न गेलेले काही जण: क्वार्टरबॅकपुढची डावीकडची भिंत सांभाळणारा कार्टर स्मिथ, किंवा पेन स्टेटविरुद्ध शेवटच्या मिनिटात अशक्य वाटणारा झेल घेणारा, इंडियानापोलिसचाच ओमार कूपर. पोर्टलमधून निवडून घेतलेली मुले या दोन थरांवर तिसरा थर म्हणून चढली, आणि तीही उद्या काय होतील यापेक्षा आजवर प्रत्यक्ष काय केले आहे, हे पाहून घेतलेली. बर्कलीची पदवी तीन वर्षांत हातात घेऊन आलेल्या मेंडोझाला त्यामुळे संघ बांधायचा नव्हता, बांधलेला संघ चालवायचा होता. अंतिम सामन्यात चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नावर स्वतः चेंडू घेऊन, अंगावर आदळणाऱ्यांना न जुमानता तो 12 यार्ड धावत गेला, तेव्हा त्याला येऊन किती महिने झाले हे कुणी मोजत नसावे. आणि मायामीचा शेवटचा पास अडवला तो जमारी शार्पने, जो 2022 पासून इथेच होता. हे मी सहकाऱ्यांना मुद्दाम सांगितले. त्यांनाही ते ठाऊक होते.

हे थर नसले की काय होते, याचेही उदाहरण आहे. फ्लोरिडा स्टेटने 2023 मध्ये बाहेरून आलेल्या खेळाडूंच्या बळावर ओळीने तेरा सामने जिंकले, पण त्या संघाचा कणा असलेला जॉर्डन ट्रॅव्हिस पाच हंगाम तिथे मुरलेला होता. तो आणि त्याच्या बरोबरीचे गेले, त्यांच्या जागा पुन्हा पोर्टलमधूनच भरल्या, आणि 2024 मध्ये बारापैकी दहा सामने हरले.

आम्हा वैदर्भीयांना यात नवे काहीच नाही, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. वसीम जाफर मुंबईहून आले, गणेश सतीश कर्नाटकातून आले, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित तर पक्के मुंबईचे. पण 1 जानेवारी 2018 ला इंदूरमध्ये रणजी करंडक उचलला तो नागपूरच्या फैज फझलने. मार्च 2025 मध्ये तिसरे विजेतेपद मिळाले तेव्हा अंतिम सामन्यात 86 आणि 135 धावा करणारा करुण नायर पाहुणा होता आणि कर्णधार अक्षय वाडकर घरचा. नायर पुढे कर्नाटकात परतले, तर माझ्या ओळखीच्या नागपूरकरांनी त्यांना धन्यवादच दिले. अर्थात आपल्याकडे अजूनही राज्य बदलायचे तर संघटनेचे ‘ना हरकत’ पत्र लागते. यशस्वी जैस्वालने 2025 मध्ये नेतृत्वाची संधी आहे म्हणून मुंबईहून गोव्याला जायचे ठरवले आणि नंतर बेत बदलला, त्या मधल्या काळात त्याच्या मुंबईवरच्या निष्ठेचा पंचनामा किती जणांनी केला, ते आपण वाचलेच आहे. शंभराहून अधिक खेळाडूंचा अमेरिकी संघ आणि अकरा जणांचा आपला, ही तुलना थोडी ओढून आणलेली आहे हे मान्य. पण पाहुण्याच्या धावा आणि घरच्याचे कर्णधारपद ही जोडी आपण ब्लूमिंग्टनच्या कितीतरी आधी जमवली होती.

माझ्या सहकाऱ्यांची एक तक्रार मात्र मला खोडता आली नाही. बावीस-तेवीस वर्षांचा, सिद्ध झालेला खेळाडू पोर्टलमध्ये मिळत असेल, तर शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला घडवण्याचा खटाटोप कोच कशाला करतील? त्यांच्या नातवाच्या शाळेत असे दोघे-तिघे आहेत, ज्यांना पाच वर्षांपूर्वी मोठ्या विद्यापीठांनी नक्की बोलावले असते आणि आज कुणी विचारत नाही. जेम्स मॅडिसनसारख्या लहान ठिकाणांची गतही वेगळी नाही. सिग्नेटी गेल्यावर त्यांनी बॉब चेस्नी यांना आणले, नवा संघ उभा केला, थेट राष्ट्रीय बाद फेरीत नेला, आणि चेस्नी तेवढ्यात लॉस एंजेलिसला निघाले. इंडियानाने सिग्नेटींना ऑक्टोबर 2025 मध्ये आठ वर्षांसाठी 9 कोटी 30 लाख डॉलरचा करार देऊन थांबवून ठेवले. तेवढी ऐपत लहान विद्यापीठांना कुठून येणार?

म्हणून सहकाऱ्यांना एक वर्ष बसवण्याचा जुना नियम परत हवा आहे. माझी त्याला हरकत नाही, फक्त सुरुवात कोचपासून व्हावी, असे मी त्यांना सुचवले आहे. तसे झाले असते तर 2026 चा हंगाम किफिन यांनी घरी बसून टीव्हीवर पाहिला असता.