खांब उपटले

परवा संध्याकाळी मैदानावर पोहोचले तर आमचे खो-खोचे दोन्ही खांब कुंपणाशी आडवे पडले होते. बुडाला लागलेली लाल माती अजून ओलसर होती. मुली माझ्याआधी येऊन खांबांपाशी गप्प उभ्या होत्या.

एकोणीस वर्षं मी इथे मुलींना खो-खो शिकवते. फी घेत नाही. मैदान पालिकेचं, मुली आसपासच्या चाळींतल्या. दिवाळी झाली की माती खणायची, खडे वेचायचे, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि फक्कीने २७ बाय १६ मीटरचं मैदान आखायचं. त्या मातीवर आता हिरवं टर्फ येतंय, बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलला तासावर भाड्याने द्यायला. फाटकावर फलक लागला तेव्हाच आम्हाला कळलं. तासाचा दर माझ्या एका खेळाडूच्या आईच्या दोन दिवसांच्या धुण्याभांड्यांच्या पैशांएवढा आहे.

"वर्ल्ड कप मॅटवर झाला ना? मग टर्फवर खेळा की," असं तिथला मुकादम म्हणाला. हो, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला वर्ल्ड कप मॅटवरच झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. पण मॅट वेगळी, टर्फ वेगळं. मॅट अंगाखाली दबते. टर्फच्या प्लॅस्टिकच्या पात्यांवर सूर मारला की कोपर आणि गुडघा सोलून निघतो. आणि खांबाचं काय? एका हाताने खांब धरून, अंग बाहेर झोकून पळतीला टिपायचं, हे शिकायला पोरीला महिने लागतात. त्यासाठी १२० सेंटिमीटर उंचीचा, घट्ट रोवलेला खांबच लागतो. टर्फमध्ये खड्डा खणू देणार नाहीत, हे त्याने लगेच सांगून टाकलं.

पर्यायी जागा सुचवली आहे, हायवेच्या पलीकडे. इथेच माझा खरा आक्षेप आहे. आमचं मैदान चाळीच्या गॅलरीतून दिसतं. पोळ्या लाटता लाटता आई मान वळवून बघू शकते, एवढ्या एका गोष्टीवर कितीतरी मुलींना पाच ते सात बाहेर राहायची परवानगी मिळाली. सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांना पटवायला मी चार वेळा त्यांच्या घरी गेले होते. शेवटी त्यांनी तिला पाठवलं ते गॅलरीत खुर्ची टाकून बसता येतं म्हणून. हायवेपलीकडे ते तिला पाठवणार नाहीत, आणि मी त्यांना पाठवा म्हणणारही नाही.

टर्फ नकोच असं माझं म्हणणं नाही. मुलांना फुटबॉल हवा आहे, खेळू देत. मैदान मोठं आहे. पूर्वेकडची आमची पट्टी मातीची ठेवा आणि खांब परत रोवा, एवढंच निवेदनात लिहिलं आहे. निवेदनावर आवक क्रमांक घेतला आहे.

काल सराव देवळामागच्या फरशीवर घेतला. आठ जणी पाटीत बसल्या, नववी धावली, पण सूर मारू नका अशी ताकीद देऊन. खो देताना आवाज मात्र नेहमीसारखाच खणखणीत होता. खांब मी आणि दोन पालकांनी उचलून माझ्या जिन्याखाली ठेवले आहेत.

सोमवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा पालिकेच्या कार्यालयात जाणार आहोत. ज्यांच्या मुली या मातीत खेळल्या, त्यांनी साडेदहाला मैदानाच्या फाटकाशी यावं.