तुम्ही विचारलंत म्हणून: पगार दुप्पट होतोय, तर इंग्लंड सोडून न्यू जर्सीला यावं का?

"ताई, ह्यांची कंपनी न्यू जर्सीला पाठवतेय, पगार जवळजवळ दुप्पट होतोय, पण तिकडच्या दवाखान्याचं ऐकून पोटात गोळा येतो, खरंच तसं असतं का?" हा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच, कधी स्लाउहून, कधी हाउन्सलोहून, एकदा तर लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीला उभ्या असलेल्या बाईने तिथूनच पाठवला होता. दरवेळी मी अर्धवट काहीतरी टाइप करते आणि मग पोळ्या करायला जाते. म्हणून आज एकदाच नीट बसून लिहिते.

आम्ही मूळचे नाशिकचे, नऊ वर्षं रेडिंगला काढली, ब्रिटिश पासपोर्ट झाले, दोन्ही मुलं तिथलीच, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवऱ्याच्या एल-१ व्हिसावर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. सत्तर हजार पौंडांचे एकशे तीस हजार डॉलर झाले होते. दुप्पट दुप्पट म्हणत आम्ही नाचलो, पण पौंड आणि डॉलर एकच धरून! डॉलरचे पौंड केले तर ते दीडपटीच्याही खाली जातं, हे माझ्या सासऱ्यांनी नाशिकहून फोनवर सांगितलं, आमच्या घरात दोन इंजिनियर असताना.

आधी रोजच्या खर्चाचं थोडक्यात सांगते कारण त्याने कुणी मरत नाही. दोन बेडरूमच्या घराचं भाडं आम्हाला २,७५० डॉलर. इंग्लंडसारखा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, इथे भाडेकरूला नाही, पण खूश होऊ नका, घर घेतलंत की प्रॉपर्टी टॅक्स आहे आणि त्यात न्यू जर्सीचा नंबर देशात पहिला, वर्षाला दहा हजार डॉलर इथे अगदी सर्रास. पेट्रोल मात्र इंग्लंडच्या निम्म्याहून स्वस्त, आणि जर्सी हे आता एकच राज्य उरलंय जिथे स्वतः पेट्रोल भरायला परवानगीच नाही, माणूस येऊन भरतो, अगदी नाशिकच्या पंपासारखं. पण एका गाडीत भागत नाही. रेडिंगला मी मुलांना चालत शाळेत सोडून बसने जायची, इथे दूध आणायलाही गाडी, म्हणजे दोन गाड्या आणि दोघांचा इन्शुरन्स, आणि इंग्लंडमधला नऊ वर्षांचा स्वच्छ रेकॉर्ड कुणी विचारतही नाही. पहिल्या वर्षी ३,९०० डॉलर गेले त्यात. क्रेडिटचंही तसंच, तिथे बँक आम्हाला दारात उभं राहून कर्ज देत होती आणि इथे पाचशे डॉलर आधी डिपॉझिट ठेवले तेव्हा कुठे पाचशेचं क्रेडिट कार्ड मिळालं.

किराणा महाग. पावाची लादी तिथे एका पौंडाच्या आत यायची, इथे साडेतीन-चार डॉलर सहज. शेल्फवरची किंमत ही किंमत नसते, टॅक्स काउंटरवर लागतो, जर्सीत ६.६२५ टक्के, पण कपडे आणि बहुतेक खाण्याच्या वस्तूंवर नाही, त्यामुळे व्हॅटच्या २० टक्क्यांपेक्षा हे बरंच म्हणायचं. हॉटेलात वर अठरा-वीस टक्के टिप. ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या देशी बाजारात, मेथीपासून ज्वारीच्या पिठापर्यंत सगळं मिळतं, तो खर्च मी खर्चात धरत नाही, ते औषध आहे.

आता खरं औषध.

मुलगा तेव्हा सात वर्षांचा, थोडा दम्याचा. रेडिंगला त्याचा निळा पंप संपत आला की मी जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, ॲपवर टिक करायची आणि दोन दिवसांनी फार्मसीतून पिशवी घेऊन यायची, मुलांना पैसे नाहीतच, आणि मोठ्यांनाही इंग्लंडमध्ये एका औषधाचे ठरलेले, २०२४ पासून ९ पौंड ९० पेन्स, मग औषध दोन पौंडांचं असो की दोनशेचं. स्कॉटलंड-वेल्सवाल्यांना तर तेही नाहीत. इथे मी फार्मसीच्या काउंटरवर "सॅल्ब्युटामॉल, सॅल्ब्युटामॉल" करत उभी आणि तो पोरगा माझ्याकडे बघतोय. पंपातल्या त्या औषधाला इथे अल्ब्युटेरॉल म्हणतात. पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन. कॅलपॉल कुणाला माहीतच नाही. आणि प्रिस्क्रिप्शन इथल्याच डॉक्टरचं लागतं, आणि डॉक्टर आधी इन्शुरन्स कुठला ते विचारतो, आणि तो तुमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे त्यांनी करार केलेल्या डॉक्टरांत, नसला तर दुसरा शोधा. या सगळ्यात मी "करू पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिले.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री साडेअकराला त्याला दम लागला, बरगड्या आत जायला लागल्या. अर्जंट केअर म्हणून जे असतं, छोटं क्लिनिक, ते रात्री बंद. ईआरला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला नेलं. तिथल्या लोकांबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, पाच मिनिटांत आत घेतलं, नेब्युलायझर, स्टेरॉइड, दोन-अडीच तासांत पोरगा जेली खात कार्टून बघत होता. रेडिंगच्या एअँडईत, म्हणजे तिथल्या इमर्जन्सीत, कदाचित जास्त वेळ बसलो असतो, पण तिथे खर्च म्हणजे पार्किंगचे पौंड.

दोन आठवड्यांनी पाकीट आलं. ३,८४० डॉलर. वर लिहिलंय "हे बिल नाही". मग काय आहे? याला ईओबी म्हणतात, म्हणजे हॉस्पिटलने किती मागितले, इन्शुरन्सने किती मान्य केले आणि तुमच्या वाट्याला किती येतील त्याचा तक्ता. मला हे माहीत नव्हतं, मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून रडले. मग दुसरं पाकीट, डॉक्टरचं वेगळं, ११२०. हो, हॉस्पिटल वेगळं आणि त्यातला डॉक्टर वेगळा, जसं लग्नात हॉलवाला वेगळा आणि केटरर वेगळा. शेवटी कमी होऊन होऊन १,९१० आणि ४३०, असे २,३४० डॉलर आम्ही भरले. सगळेच्या सगळे आम्ही, इन्शुरन्सने एक डॉलर दिला नाही.

का, तर डिडक्टिबल. हा शब्द तुम्ही विमानात बसायच्या आधी पाठ करा. दर पंधरा दिवसांनी नवऱ्याच्या पगारातून २९० डॉलर हेल्थ इन्शुरन्सचे कापले जातात, वर्षाचे झाले ७,५४०. हा प्रीमियम, आजारी पडा नाहीतर पडू नका. (आम्हीच कमनशिबी असं नाही हां, केएफएफ ही संस्था दरवर्षी सर्व्हे करते त्यात २०२४ ला कंपनीकडच्या फॅमिली इन्शुरन्सचा सरासरी प्रीमियम २५,५७२ डॉलर होता, त्यातले ६,२९६ कर्मचाऱ्याच्या खिशातून.) त्याच्यावर डिडक्टिबल, आमचं ४,००० डॉलर, म्हणजे वर्षातला पहिला चार हजारांचा खर्च आपलाच, फक्त वर्षाची तपासणी आणि लसीकरण असल्या गोष्टी सोडून, त्या कायद्यानेच मोफत आहेत. चार हजारांनंतर इन्शुरन्स ८० टक्के देतो, आपण २०. आणि हे चालतं आउट ऑफ पॉकेट मॅक्सपर्यंत, म्हणजे वर्षात आपल्या खिशातून जास्तीत जास्त जाईल ती रक्कम, आमचं ९,०००, त्याच्यापुढे मात्र सगळं इन्शुरन्सचं, पण नेटवर्कमधलं असेल तरच. आणि गंमत बघा, आमच्या प्लॅनचं वर्ष १ जानेवारीला नव्याने सुरू. आम्ही नोव्हेंबरमध्ये २,३४० भरून डिडक्टिबलचा निम्म्याहून जास्त डोंगर चढलो आणि दीड महिन्यात परत पायथ्याशी.

म्हणून मी सगळ्यांना सांगते की पगाराचा आकडा मला सांगू नका, ऑफर लेटरबरोबर इन्शुरन्सचा तक्ता, म्हणजे 'समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज', आणि वर्षाचा प्रीमियम मागून घ्या, आणि प्रीमियम अधिक आउट ऑफ पॉकेट मॅक्स अशी बेरीज करा. आमची १६,५४०. हे वाईटात वाईट वर्ष. एवढे पैसे पहिल्या दिवसापासून बँकेत बाजूला ठेवता येत असतील तर या, बिनधास्त या, मजेत राहाल. कंपनी एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठीचं बचत खातं, देत असेल तर देशाचा इन्कम टॅक्स न लागता त्यात साठवता येतात आणि पुढच्या वर्षीही राहतात. एफएसए नावाचं त्याचं सावत्र भावंड आहे, त्यात वापरले नाहीत तर बहुतेक पैसे बुडतात, दोघांत गल्लत करू नका.

आणखी एक, बिल आल्या आल्या भरू नका. आयटमवार बिल मागा, चुका निघतात, कमी करा म्हणा, हप्ते पाडून मागा. आम्ही भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं, पण इथे छापील कागद बघून गप्प बसतो. माझी शेजारीण केरळची, तिने एक फोन करून चारशे डॉलर कमी करून घेतले आणि वर मला म्हणाली की तू काय मूर्ख आहेस का. २०२२ पासून इमर्जन्सीमध्ये नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरने वरचं जास्तीचं बिल लावू नये असा कायदाही आहे, पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्यात धरलेली नाही, त्यामुळे इथे लोक हाताला प्लास्टर लागणार असं दिसत असूनही उबर करून जातात. मला हे आधी विनोद वाटायचं.

इंग्लंडचं सगळं सोन्याचं होतं असंही नाही. नवऱ्याचा गुडघा दुखत होता तर रेडिंगला स्कॅनला पाच महिने थांबला, इथे चौथ्या दिवशी एमआरआय झाला. (९०० डॉलर. असो.) तिथे आजारपण म्हणजे थांबणं होतं, इथे हिशोब आहे, आणि मला विचाराल तर ज्याला तरुण शरीर आणि बरी कंपनी आहे त्याला हिशोब परवडतो. बाळंतपण व्हायचं असेल तर मात्र दहादा विचार करा. तिथे ५२ आठवडे रजा आणि त्यातले ३९ थोड्याफार पगारी, इथे देशाचा कायदा १२ आठवडे देतो तेही बिनपगारी आणि कंपनीत एक वर्ष झालं असेल तर. जर्सीचं राज्य स्वतःचं थोडं देतं म्हणून बरं.

मला रात्री झोपेतून उठवतं ते बिल नाही, वेगळंच आहे. इथे नोकरी, व्हिसा आणि इन्शुरन्स तिन्ही एकाच खुंटीला टांगलेत. नोकरी गेली की व्हिसाला साधारण ६० दिवस, आणि इन्शुरन्स कोब्रा नावाच्या कायद्याने चालू ठेवता येतो पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. ज्या महिन्यात पगार नाही त्याच महिन्यात दोन-अडीच हजारांचा प्रीमियम. ग्रीन कार्ड मिळालं की सुटलो म्हणाल, तर ब्रिटिश पासपोर्ट तिथे कामाचा नाही, रांग जन्माच्या देशाची लागते, आम्ही दोघं नाशिकला जन्मलेलो म्हणजे भारताच्या रांगेत. नवरा-बायकोतलं एक जण इंग्लंडात जन्मलेलं असेल तर दोघांना तिथली छोटी रांग मिळू शकते, तेव्हा बायकोचा जन्म लेस्टरचा असेल तर तिला जरा जपा.

आणि "काही मोठं झालं तर तिकीट काढून एनएचएसला जाऊ की" हे डोक्यातून काढून टाका. एनएचएस, म्हणजे इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा, पासपोर्टवर मिळत नाही, तिथे राहण्यावर मिळतं. कायमचे परत गेलात तर पहिल्या दिवसापासून तुमचंच आहे, पण सुट्टीवर जाऊन ऑपरेशन करून घेतो म्हणालात तर परदेशी पेशंटचं बिल लागतं. नऊ वर्षं पगारातून नॅशनल इन्शुरन्स भरलाय हो, असं मी पण म्हणून बघितलं.

शेवटचं, येताना काय आणायचं. मुलांचं लाल पुस्तक, जन्मापासूनच्या लसींचं, आणि जीपीकडून रेकॉर्डची प्रिंट. इथे शाळा लसींच्या पुराव्याशिवाय घेत नाही, आणि कांजिण्यांची लस इंग्लंडमध्ये तेव्हा सरसकट देतच नव्हते, हेपटायटिस बी पण ऑगस्ट २०१७ च्या आधीच्या बाळांना नाही, आमचा मुलगा २०१६ चा. म्हणजे त्या लसी लागणारच होत्या. पण बाकीच्या सगळ्या झालेल्या होत्या, फक्त ते लाल पुस्तक मी हुशारीने मिक्सरच्या खोक्यात नीट गुंडाळून जहाजाच्या कंटेनरमध्ये पाठवलं होतं. शाळा सुरू झाली, डॉक्टर म्हणाल्या कागद नाही तर लस झाली असं मी धरू शकत नाही, आणि पोराने एमएमआर परत घेतली, रडत, "आई मला आधी दिली होती ना" म्हणत. कंटेनर आठ आठवड्यांनी आला. लाल पुस्तक मिळालं. मिक्सर इथल्या विजेवर चालत नाही.