मिरगाचे किडे आणि एक वायर

जपानमधल्या सागामिहाराला येऊन मला आता चार वर्षं झाली. स्टेशनकडे जाताना जुन्या वस्तूंचं एक दुकान लागतं. गेल्या वर्षी जूनमध्ये, इथला पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात, त्या दुकानाच्या काचेच्या कपाटात मला गेम बॉयच्या, म्हणजे हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राच्या, दोन कॅसेट शेजारी शेजारी दिसल्या. पोकेमॉन लाल आणि पोकेमॉन हिरवा. जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला निघालेला तो पहिला जोड. खाली हाताने लिहिलेली चिठ्ठी होती : आतला सेल जुना आहे, सेव्ह राहील याची खात्री नाही.

मी दोन्ही घेतल्या. दोन जुने गेम बॉय घेतले आणि खालच्या टोपलीत गुंडाळून पडलेली, दोन गेम बॉय जोडणारी लिंक केबलही घेतली. घरी पोचायच्या आधीच दादाला फोन लावला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, दोन वर्षांनी मोठा. तो गावीच असतो, मूर्तिजापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. तेव्हा तो पेरणीच्या घाईत होता.

"दादा, वायर भेटली."

"कोणची वायर?"

"हाँटरवाली."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला. "खरं सांगून राहिला काय बे लहान्या?"

ही हाँटरची गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल. आमच्याकडे २००३ च्या सुमारास केबलवर हिंदीतलं पोकेमॉन कार्टून लागायचं आणि गावातले आम्ही सगळे पोट्टे एकाच घरी गोळा व्हायचो. गेम मात्र मला सहावी-सातवीत असताना भेटला, मूर्तिजापूरच्या एका सायबर कॅफेत. तिथल्या दोन कॉम्प्युटरवर इम्युलेटर होता, म्हणजे असले गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. एकावर फायररेड, दुसऱ्यावर लीफग्रीन. हे दोन्ही गेम २००४ चे, म्हणजे मूळच्या लाल-हिरव्याच्याच नव्या आवृत्त्या. फायररेडवर मी बसायचो, लीफग्रीनवर दादा. बाजाराच्या दिवशी मामा आम्हाला तिथे सोडायचा आणि सरकी-ढेपेचं काम उरकून परत न्यायला यायचा. तासाचे पैसे लागत म्हणून आम्ही स्पेसबार दाबून गेम पळवायचो. माणूस हरणासारखा पळायचा आणि गाणं चिरक्या आवाजात वाजायचं. त्या गाण्याची खरी चाल किती संथ आहे, हे मला इथे आल्यावर कळलं.

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. वीज जायच्या वेळा ठरलेल्या, पण ठरल्याच्या बाहेरही जायची. कॅफेतली बॅटरी जेमतेम पाच मिनिटं टिके. पंखा थांबला की दादा ओरडायचा, "लहान्या, सेव्ह कर!" कित्येकदा ते जमायचं नाही. पुढच्या बाजारी गेममधला तोच जिम म्हणजे लढाईचा आखाडा, तोच मास्तर, पुन्हा पहिल्यापासून.

आणि हाँटर. या गेममध्ये पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचे असतात, आणि त्यातले काही असे आहेत की कितीही लढवा, त्यांचं शेवटचं रूप एकट्याने मिळत नाही. हाँटर, कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर. हे दुसऱ्याच्या गेममध्ये पाठवावे लागतात, वायरीतून पलीकडे गेले की बदलतात. शिवाय लालमध्ये वल्पिक्स नाही आणि हिरव्यात ग्रोलिथ नाही. म्हणजे दोघं असल्याशिवाय यादी पुरी होतच नाही. आम्ही तर दोघं होतो, खांद्याला खांदा लावून बसलेलो. पण ते दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे कसे, हे कॅफेवाल्यालाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. माझा हाँटर हाँटरच राहिला. एका उन्हाळ्यात कॅफेवाल्याने दोन्ही कॉम्प्युटर फॉरमॅट केले आणि तोही गेला. दादा त्या दिवशी घरी जेवला नाही.

पण देवाणघेवाण आम्हाला नवी नव्हती. मृग लागला, पहिला पाऊस पडला की धुऱ्यावर, वखरलेल्या रानात लाल मखमली किडे निघत. मिरगाचे किडे. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गोळा होऊन बसत. आगपेटीत ओली माती, वर दोन पाती गवत, आणि त्यात हे किडे. दादाचा हात मात्र सोनकिड्यांवर बसलेला होता. बाभळीच्या काट्यांतून तो हिरवे चमकते सोनकिडे बरोबर काढायचा. तीन मिरगाचे देऊन एक सोनकिडा असा आमचा भाव. आजी ओसरीतून ओरडायची, "काहून रे पोट्टेहो, त्याइच्या जिवावर काहून उठले?" मग संध्याकाळी सगळे किडे धुऱ्यावर सोडून यायचे, हा तिचा नियम आणि आम्ही तो पाळायचो.

आता मी राहतो त्या सागामिहाराला लागूनच माचिदा आहे, टोक्योच्या पश्चिमेकडचं गाव. हा गेम ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी याच माचिदात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करायचा नाद होता, इतका की शाळेतली पोरं त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणत. पुढे शहर वाढलं, शेतं आणि तळी बुजली, किडे गेले. गेम बॉयची लिंक केबल पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या वायरीवरून किडे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात सरपटत जातायत असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिथून पोकेमॉन सुरू झाला. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मूर्तिजापूरच्या कॅफेत जो गेम आम्हाला कुठून तरी आकाशातून पडल्यासारखा वाटायचा, तो आगपेटीतूनच निघालेला होता.

माचिदाच्या सेरिगाया बागेत पोकेमॉनची चित्रं असलेली गटाराची झाकणं बसवली आहेत. मी एका रविवारी पाहून आलो. झाकणांपेक्षा मला तिथली पोरं जास्त आवडली. पांढरी जाळी खांद्यावर, गळ्यात हिरवा प्लास्टिकचा पिंजरा, आणि आई मागे पाण्याची बाटली घेऊन. इथे शिंगवाला काबुतोमुशी भुंगेरा उन्हाळ्यात दुकानातही विकत मिळतो, तरी ही पोरं झाडाच्या सालीवर डोळे लावून उभी असतात.

तर लाल कॅसेट. मी ती रोज रात्री खेळायला लागलो. पहिले जपानी गेम नुसत्या ‘काना’ या सोप्या जपानी लिपीत आहेत, कांजीचं म्हणजे अवघड चिनी अक्षरांचं एकही अक्षर नाही, शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडलेली. माझ्यासारख्या अडखळत वाचणाऱ्याला ही मोठी सोय झाली. औषध, दोरी, गुहा, विष, झोप असे कितीतरी शब्द मी क्लासच्या आधी तिथे शिकलो. पण चिठ्ठीत लिहिलं होतं तसंच झालं. तीन रात्री खेळून बंद केलेला गेम चौथ्या रात्री कोरा निघाला. आतल्या बटणाएवढ्या सेलवर सेव्ह टिकून असतो आणि तो सेल मेला होता. मी दादाला सांगितलं तर म्हणाला, "जपानातही लोडशेडिंग आहे तं!" मग मी डिप्लोमाच्या दिवसांतला सोल्डरिंगचा हात आठवून दोन्ही कॅसेटमधले सेल बदलले. पट्ट्या सोडवताना श्वास रोखून धरला होता.

जुना गेम पुन्हा खेळताना पहिल्यांदा जाणवतं ते त्यातलं चालणं. धावता येत नाही. धावायचे बूट २००२ च्या रुबी-सफायर या पुढच्या पोकेमॉन गेममध्ये आले. पिशवीत वीसच्या वर प्रकारच्या वस्तू मावत नाहीत. साठवणीचा डबा भरला की नवा पोकेमॉन पकडताच येत नाही, आधी गेममधल्या पोकेमॉन सेंटरच्या कॉम्प्युटरवर जाऊन डबा बदलावा लागतो. झाड तोडायला, पाणी ओलांडायला कुणाला तरी तो हुन्नर शिकवावा लागतो आणि एकदा शिकवला की विसरवता येत नाही. गवतात काय आहे ते दिसत नाही. तुरीच्या ओळीतून जाताना पायाखाली काय निघेल याचा नेम नसतो, तसं.

त्यातल्या कितीतरी गोष्टी पुढे सुधारल्या आणि त्या सुधारायलाच हव्या होत्या. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळ आलं. रात्री वेगळे प्राणी, सकाळी वेगळे. अंडी आली, नर-मादी आले. रात्री दिव्याखाली वेगळेच किडे येतात हे ज्याला माहीत आहे, त्याला ही भर किती खरी होती ते कळेल. भूत प्रकारच्या प्राण्याचा वार सायकिक प्रकारच्या प्राण्यावर चालायलाच हवा होता, पण पहिल्या गेममधल्या चुकीमुळे तो अजिबात लागत नसे. तेही तिथेच दुरुस्त झालं. २००६ च्या डायमंड-पर्लमध्ये प्रत्येक वार अंगाचा की मनाचा हे त्या वारावर ठरू लागलं. आधी ते सगळं आग, पाणी अशा प्रकारावरून ठरे, त्यामुळे काही चांगल्या प्राण्यांचं नुसतं वाया जाणं होत होतं. २०१६ च्या सन-मूनमध्ये झाडं तोडायचे हुन्नर काढून टाकले आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये प्राणी उघड्या रानात समोर चरताना दिसतात, झोपलेले दिसतात. मागून हळूच जाऊन त्यांना बेसावध गाठता येतं. सोनकिडा असाच पकडावा लागतो, म्हणून हा बदल मला सगळ्यात जवळचा वाटला.

लढाईचा अनुभव सगळ्या चमूला आपोआप वाटला जाणं मात्र मला पटत नाही. आधी सहसा ज्याला मैदानात उतरवाल तोच शिके. आता मागे बसलेलाही शिकतो आणि स्वोर्ड-शील्डपासून ते बंदही करता येत नाही. दुबळ्याला पुढे करून, दोन घाव खाऊ देऊन, मग मागे घेऊन वाढवणं यात जी माया लागायची, तिला आता जागा राहिली नाही.

पण माझं मन अडतं ते वायरीशी. २००४ मध्ये फायररेडबरोबर बिनतारी जोडणी आली. २००६ पासून इंटरनेटवरून अदलाबदल करता येऊ लागली. २०१३ पासून तर पलीकडे कोण आहे हे न पाहता एक पाठवायचा आणि जगातल्या कुणाचा तरी एक घ्यायचा. मी परदेशात राहतो, इंटरनेटची किंमत मला कळते. दादाचा चेहरा मला त्याच्यामुळेच दिसतो. तरी २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आर्सेअसच्या गेममध्ये मला एक वस्तू मिळाली तेव्हा मी हातातला गेम खाली ठेवला. तिचं नाव लिंकिंग कॉर्ड. ती वापरली की हाँटर जागच्या जागी गेंगार होतो, म्हणजे त्याचं शेवटचं रूप. दुसरा गेम नको, दुसरा माणूस नको. जोडणारी वायरच आता पिशवीतली एक वस्तू झाली आहे, आणि ती एकट्याने वापरायची. त्या हाँटरला मी ती वापरली नाही.

हिरव्या कॅसेटवर मी दादाचं नाव घातलं होतं. काना लिपीत दोनच अक्षरं लागतात. रविवारी तो रानातून येऊन, हातपाय धुऊन, सात वाजता फोन लावायचा. इथे तेव्हा साडेदहा झालेले असत. मी कॅमेरा स्क्रीनवर धरायचो आणि तो सांगायचा : डावीकडं घे, त्याले पकड, हा कामाचा नाही, सोड. पहिला पोकेमॉन त्याने बुलबासौर निवडला, कारण त्याच्या पाठीवर काहीतरी उगवलेलं आहे. असं आम्ही जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खेळलो. मध्ये बोंडअळीची फवारणी आली, त्याच्या मुलाचा ताप आला, माझी नाइट शिफ्ट आली.

मग एका रविवारी दोन्ही गेम बॉय टेबलावर समोरासमोर ठेवून वायर लावली. दोन्हीकडे सेंटरच्या उजव्या टोकाच्या बाईशी बोलायचं, आधी सेव्ह करायचं, मग एक छोटी खोली उघडते. मधोमध टेबल, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादा. पिक्सेलची एवढीशी माणसं. दादाने ग्रोलिथ मागितला होता, पण आधी हाँटर. मी माझ्या बाजूने हाँटर निवडला, त्याच्या बाजूने त्याने सांगितला तो सँडश्रू. दोन्हीकडे होय दाबलं.

स्क्रीनवर गेम बॉयचं चित्र येतं, त्यातून वायर निघते आणि एक गोल ठिपका त्या वायरीतून सरकत सरकत जातो. एका पडद्यावरून निघून दुसऱ्यावर येतो. मी फोन जवळ धरला. मागे दादाचा पोरगा येऊन उभा राहिलेला दिसला.

"पप्पा, थे काय चाललं?"

"गप बस. किडा जाऊन राहिला."

पलीकडे पोचल्यावर हाँटर काळा-पांढरा झाला, चमकला, आणि त्याचा गेंगार झाला. आवाज आला तेव्हा दादा काही बोलला नाही. त्याने टोपी काढून चेहरा पुसला, घाम असेल किंवा काय ते मी विचारलं नाही. मग म्हणाला, "आता परत घे. तो तुह्या हाये."

मी तो घेतला नाही. त्याच्याच कॅसेटमध्ये राहू दिला. दुसऱ्याचा प्राणी लवकर वाढतो, पण जिम जिंकून मिळणारे बिल्ले कमी असले तर सांगितलेलं ऐकत नाही, असा त्या गेमचा नियम आहे. दादा म्हणाला, ऐकन, ऐकन.

बोलता बोलता मी त्याला विचारलं की यंदा मिरगाचे किडे निघाले होते का. तो म्हणाला, "कुठचे रे. तणनाशक मारून मारून दोन वर्ष झाले मले एकही दिसला नाही. नाल्याच्या तिकडच्या पडीत जमिनीत असतीन कदाचित." त्याच्या पोराने मिरगाचा किडा अजून पाहिलेला नाही. पुढच्या जूनमध्ये मला रजा मिळणार आहे. पहिला पाऊस पडला की तिघांनी नाल्यापलीकडे जायचं ठरलंय, आगपेटी घेऊन.

फोन ठेवायच्या आधी दादाने दोनदा सांगितलं. दोन्ही गेम आण, सेल जास्तीचे आण, इकडे भेटत नाही. आणि वायर विसरू नको.