तुम्ही विचारलंत म्हणून: जीव बनवता का?

सांगलीला गेले की मार्केट यार्डात, बाबांच्या हळदीच्या अडत दुकानात हा प्रश्न ठरलेला. परवा दिवाणजींनी पुन्हा विचारलं, “ताई, तिकडं पुण्यात तुम्ही जीव बनवता म्हणं?”

नाही हो. मी प्रयोगशाळेत पेशीसारखे सूक्ष्म फुगे बनवते.

अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे धावतं, दोन शेपट्या पाणी टाळतात. म्हणून पाण्यात हे रेणू शेपटीला शेपटी लावून दुहेरी पडदा करतात आणि तो आपणहून गोल मिटतो. साबणाच्या फुग्याच्या नेमकं उलटं. तिथे शेपट्या हवेकडे आणि पाणी मधे. आपल्या पेशीचं आवरणही मुळात असंच, जाडी जेमतेम ४-५ नॅनोमीटर.

आमची रीत सोपी. वीजवाहक काचेवर लिपिडचा, म्हणजे लेसिथिनसारख्या चरबीचा थर वाळवायचा, त्यावर साखरेचं पाणी घालायचं आणि दोनेक तास हलकासा एसी करंट द्यायचा. आत सुक्रोज, म्हणजे आपली उसाचीच साखर, बाहेर ग्लुकोज. सुक्रोजचं पाणी जड, म्हणून फुगे तळाशी बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. एकदा घाईत मी बाहेरचं ग्लुकोज कमी तोललं. पाणी आत घुसलं, फुगे तट्ट फुगले आणि बहुतेक फुटले. ऊसवाल्या जिल्ह्यातली पोरगी साखरेत चुकली, हे घरी सांगितलेलं नाही.

नुसता फुगा म्हणजे रिकामी खोली. आत हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा डीएनए आणि प्रथिनं बनवणारी यंत्रणा भरली की तो हिरवा चमकतो, पण शिधा संपला की थांबतो. २००४ मध्ये न्वारो आणि लिबशाबर या शास्त्रज्ञांनी डीएनएकडून भोकं पाडणारं प्रथिन आतच बनवून घेतलं. त्या भोकांतून बाहेरचा शिधा आत येऊ लागला आणि काम चार दिवसांपर्यंत चाललं. अमेरिकी शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेचा २०१६ चा ४७३ जनुकांचा जीवाणू पेपरांत गाजला खरा, पण तिथे घडवलेला जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण संच, जिवंत जीवाणूत घातला होता. घर आयतंच होतं.

दिवाणजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पर एकाचे दोन हुतात का?”

तिथेच तर अडलंय. चरबीचा नवा पुरवठा करून, ढवळून फुगा दुभंगतो. पण आतल्या डीएनएची नक्कल व्हावी, रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, नव्याने बनावेत आणि वेळ साधून दोन्हीकडे नीट वाटणी व्हावी, हे सगळं एकाच फुग्यात अजून जमलेलं नाही.




“मग वाटणीचंच भांडण,” म्हणत ते पोत्यांच्या वजनाकडे वळले.