एकाच जिल्ह्यातल्या दोन कॉफ्या

पुण्यात कॉफी पावडर घ्यायला गेलं की दुकानदार एवढंच विचारतो, ‘प्युअर की चिकोरी?’ कुठल्या डोंगरातली, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. पाकिटावर ‘कूर्ग’ दिसलं की आपलं समाधान. हापूस घेताना मात्र देवगड की रत्नागिरी यावरून मार्केट यार्डात तासभर हुज्जत घालतो!

डिसेंबरात बायको आणि मी गाडीने कर्नाटकातल्या चिकमगळूरला गेलो. वाटेत नरसोबाची वाडी झाली, बाकी नुसता हायवे.

मळ्यात सिल्व्हर ओकची सावली, खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली लाल फळांनी लगडलेली झुडपं. पिकलेलं फळ दाबलं की दोन बुळबुळीत बिया सटकन बाहेर येतात. चोखून पाहिल्या तर चक्क गोड, कॉफीच्या चवीचा पत्ताच नाही. खळ्यावर बिया वाळत होत्या आणि एक मावशी लाकडी दाताळ्याने त्या सारख्या खालीवर करत होत्या.

मी मालकांना म्हटलं, “म्हणजे ही चिकमगळूर कॉफी.”

“नाही सर, आमची बाबाबुडनगिरी. चिकमगळूर खालच्या मळ्यांची,” ते मोडक्या हिंदीत म्हणाले. आवाजात ठसका होता.

आणि तो कागदोपत्रीही खरा. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा कूर्ग, वायनाड आणि अराकूच्या बरोबरीने ‘चिकमगळूर अरेबिका’ आणि ‘बाबाबुडनगिरी अरेबिका’ अशी दोन वेगळी नावं नोंदली गेली (अरेबिका ही कॉफीची जात). जिल्हा एकच! सतराव्या शतकात सूफी संत बाबाबुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. वरच्या गुहेला कोणी दत्तपीठ म्हणतं, कोणी दर्गा. तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय. म्हणजे इथे नावांवरून भांडायची सवय जुनीच.

‘मॉन्सून्ड मलबार’ नावाच्या कॉफीचं तर आणखीच वेगळं. बी डोंगरातलं, पण पावसाळी दमट वारा खाऊन फुगतं ते किनाऱ्यावरच्या गोदामात. म्हणून नाव किनाऱ्याचं.

एवढं असूनही मालकांचा बराचसा माल व्यापाऱ्याकडे जातो आणि तिथे सगळ्यांच्या मालात मिसळतो. पोत्यावर डोंगराचं नाव राहत नाही, भावही सगळ्यांना तोच. मानांकनाचा कागद भिंतीवर लावून काय उपयोग? पुण्यातल्या दुकानदाराने मळा आणि तोडणीचा हंगाम पाकिटावर छापला, तर शंभर रुपये जास्त मोजायला मी तयार आहे. नुसत्या ‘कूर्ग’साठी नाही.