ओळी जुळल्या, गावं हुकली

पाण्याच्या नमुन्यांचा तक्ता २०११ च्या जनगणनेच्या तक्त्याला 'आर' या आकडेवारीच्या संगणक-भाषेत जोडून करवीर आणि कागल तालुक्यांची यादी त्या दिवशी आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसातून जायची होती. पाणी खराब आणि लोकसंख्या जास्त, त्या गावात आधी क्लोरिनेशन.

सहकाऱ्यानं गावाच्या नावावर 'मर्ज', म्हणजे दोन तक्ते जोडणारी आज्ञा, चालवलं होतं. जोडण्याआधी नमुन्यांच्या जितक्या ओळी, नंतरही तितक्याच. हिशेब जुळला म्हणून सगळे निवांत.

नमुने आणणारे दादा प्रिंट चाळत होते. "मॅडम, दऱ्याचं वडगाव न्हाई की ह्यात! मी सोता आणलाय नमुना. आन् चिखली चारदा कशी?"

चिखल्या दोन. एक करवीरमधली, प्रयाग संगमाजवळची. दुसरी कागलमधली, वेदगंगेकाठची. दोन्ही तक्त्यांत दोन-दोन, म्हणून जोडल्यावर चार ओळी. मला हेच जास्त घातक वाटलं, कारण एका चिखलीचं पाणी दुसरीच्या लोकसंख्येला चिकटलं होतं आणि कुणाला ते खरंही वाटलं असतं.

दोन ओळी वाढल्या, तरी बेरीज तीच. म्हणजे दोन गळाल्या होत्या. वेगळं सांगितलं नाही तर 'मर्ज' बिनजोडीच्या ओळी मुकाट गाळतं. जोडी न मिळालेल्या ओळी दाखवणाऱ्या 'अँटी जॉइन'नं त्या काढून दिल्या. कळंबे एकीकडे 'त. ठाणे', दुसरीकडे 'तर्फ ठाणे'. ते लगेच दिसलं. वडगाव मात्र दोन्हीकडं हुबेहूब! शेवटी अक्षरांचे युनिकोड आकडे, म्हणजे संगणकातले प्रत्येक अक्षराचे क्रमांक, काढले. 'ऱ्या'मधला 'ऱ्' एका तक्त्यात २३५३, २३८१ असा. दुसऱ्यात २३५२, २३८१, ८२०५. हे ८२०५ म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह. मराठी नावांवर तक्ते जोडणाऱ्यांनी हे तपासावंच; एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणाऱ्या युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननंही हे दोन 'ऱ्' एक होत नाहीत, बदल स्वतः करावा लागतो.

मग नमुन्यांच्या तक्त्यात जनगणनेचे सहा आकडी गावकोड भरायला घेतले. दादा शेजारी बसून कुठला नमुना कुठल्या चिखलीचा ते सांगत होते. जोडणी नमुन्यांची एकही ओळ न गाळणाऱ्या 'लेफ्ट जॉइन'नं केली, एकास एक नातं सक्तीचं ठेवून. कोड दोनदा आला तर काम तिथंच अडतं. यादी दुसऱ्या दिवशी गेली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर आता नावाआधी कोड लिहायचा असं ठरलं, आणि दादांनी करवीरचे कोड लगेच वहीत उतरवून घेतले.